अमावस्येच्या पट्ट्या

अमावस्येला काही सुरू करू नये, असं म्हणणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग. तो मी वडिलांकडून उचलला. ते निफाडला शाळामास्तर होते आणि मुहूर्त, पंचांग, आडवी जाणारी मांजर या सगळ्यांशी त्यांचं उघड वैर होतं. घरात नवे कपडे आले की ते मुद्दाम अमावस्येची वाट बघायचे आणि त्या दिवशी आम्हाला ते घालायला लावायचे. माझं लग्नसुद्धा अमावस्येलाच लावायचं म्हणून ते अडून बसले होते. शेवटी सासरच्या मंडळींनी अक्षरशः हात जोडले आणि तारीख दोन दिवस पुढे गेली. त्यानंतर आठवडाभर वडील कुणाशी धड बोलले नाहीत. पुढे मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा आसपासच्या शाळा मला अंधश्रद्धेवर भाषण द्यायला बोलवायच्या. मी तावातावाने बोलायची. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय माझ्या हातून पुढे जे झालं ते कळायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉलेजच्या अगदी मागच्या अंगाला एक जुनी डार्करूम होती. फोटो धुण्याचा प्रयोग अभ्यासक्रमातून गेला, तेव्हापासून तिच्यात मोडकी स्टुलं साठली होती. ती खोली मी प्राचार्यांकडून मागून घेतली, कारण मला पीएच.डी. करायची होती. नोकरी, घर, लहान मुलगी हे सगळं सांभाळून करायची होती, आणि माझं वय पस्तिशीला टेकलं होतं. माझे मार्गदर्शक सर पुण्याला होते. त्यांनी विषयाचं नाव सांगितलं, स्पिन्ट्रॉनिक्स, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये ते कुणालाही पहिल्या झटक्यात उच्चारता आलं नाही. मलाही दोनदा म्हणून बघावं लागलं.

विषय तसा सांगण्यासारखा आहे. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात आणि त्यांच्यावर विद्युतभार असतो, एवढं शाळेत शिकवतात. पण प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा आणखी एक गुण असतो, त्यामुळे तो स्वतःच एक चिमुकला लोहचुंबक असतो. आता कोबाल्टसारख्या चुंबकीय धातूचा अत्यंत पातळ थर घ्यायचा, त्यावर तांब्याचा, पुन्हा कोबाल्टचा, असे थरावर थर चढवायचे. शेजारच्या दोन कोबाल्टच्या थरांची तोंडं एका दिशेला असतील तर इलेक्ट्रॉन सहज जातात, उलट असतील तर अडखळतात. बाहेरून चुंबक जवळ आणला की ती तोंडं एकीकडे वळतात, अडथळा कमी होतो आणि मीटरचा आकडा हलतो. मोठमोठ्या प्रयोगशाळांत हे थर बहुतेक काचेवर आणि सिलिकॉनवर चढवत. सरांच्या मनात होतं ते प्लास्टिकवर चढवायचं. म्हणजे पट्टी वाकवता येईल, बोटाला गुंडाळता येईल, कुठेही चिकटवता येईल.

मला मात्र ती पट्टी द्राक्षवेलीला गुंडाळायची होती. वेलीचं खोड दिवसा किंचित आकसतं आणि पाणी मिळालं की फुगतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. खोडाच्या एका बाजूला बारीक चुंबक बसवला आणि त्याच्यासमोर वाकणारी पट्टी, तर वेल तहानलेली आहे की नाही हे वेलच सांगेल, असं माझं स्वप्न होतं. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "आधी पट्टी तर होऊ दे," एवढंच म्हणाले.

पट्टी करायची रीत गरिबाघरची होती. पुण्यातल्या प्रयोगशाळेत व्हॅक्युमचं यंत्र होतं. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर लावतात ती पारदर्शक शीट मी तिकडे न्यायची, तिच्यावर तांब्याचा अगदी पुसट थर बसवून घ्यायची आणि परत नाशिकला आणायची. ओरखडा पडू नये म्हणून दोन वह्यांमध्ये ठेवून, एसटीत मांडीवर धरून. शेजारी बसलेली बाई विचारायची, "पत्रिका आहे का?" मी नुसतीच मान हलवायची. पुढचं काम डार्करूममध्ये. काचेच्या भांड्यात तांब्याच्या आणि कोबाल्टच्या क्षारांचं जांभळट पाणी, त्यात शीटची कापलेली पट्टी, आणि मी स्वतः जोडलेलं एक सर्किट. एक व्होल्टेज दिलं की तांबं बसायचं, दुसरं दिलं की कोबाल्ट. दर काही सेकंदांनी आपोआप बदल व्हायचा. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके पातळ थर त्या भांड्यात एकावर एक चढायचे. निदान चढावेत अशी अपेक्षा असायची.

माझ्या मदतीला प्रयोगशाळेचे परिचर होते. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, मीही म्हणायची. हरसूलकडचे, निवृत्तीला टेकलेले, सातवीपर्यंत शिकलेले. काचेची भांडी त्यांच्याइतकी स्वच्छ धुणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. धुतलेली परीक्षानळी उजेडाकडे धरून ते डोळा बारीक करत, आणि मनाला पटलं नाही तर गुपचूप परत धूत. एकदा मी भांड्याकडे टक लावून बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्याडम, हे एवढं काय बघतात तुम्ही?" मी त्यांना थरांचं, तोंडांचं सगळं सांगितलं. आता कंटाळतील असं वाटलं. ते म्हणाले, "म्हंजे आमच्या बाजाराच्या बोळीसारखं. समदे एकीकडं तोंड करून चालले तर माणूस सुरकन जातो. निम्मे हिकडून, निम्मे तिकडून आले की झाली का रेटारेटी."

पुढची अनेक वर्षं मी वर्गात हेच उदाहरण दिलं. त्यांचं म्हणून सांगितलं नाही, हेही इथेच कबूल करते.

पट्ट्या होत नव्हत्या. पहिले कितीतरी महिने एकही नाही. पट्टी भांड्यातून निघायची ती करडी, खरबरीत. पेन्सिलीवर गुंडाळली की तडे जायचे, आणि चुंबक कितीही जवळ नेला तरी मीटर ढिम्म. मी रसायनं बदलली, पाणी बदललं, सर्किट तीनदा उकलून जोडलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं घरी नवरा चिडवायचा, आणि मी त्याच्यावर खरोखर चिडायची. मग एका दुपारी एक पट्टी निघाली ती गुळगुळीत, आरशासारखी. मी ती पेन्सिलीवर गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. तडा नाही. चुंबक जवळ नेला आणि आकडा खाली सरकला. लांब नेला, वर आला. मी ओरडलेच असेन, कारण मामा बाहेरून धावत आले. मी कँटीनमधून दोन चहा मागवले, एक त्यांना, एक मला. त्या खोलीत मी स्वतःहून मागवलेला तो पहिला चहा.

एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. आता अशीच सलग तीन करून दाखव. एक म्हणजे नशीब असतं." दुसऱ्या दिवशी तीच रसायनं, तेच भांडं, तोच हात, आणि पट्टी करडी. सलग चार आठवडे करडी. मग पुन्हा एक झकास. पुन्हा दोन चहा. पुन्हा रोज करडी. माझ्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. दिवाळीपर्यंत सलग तीन पट्ट्या झाल्या नाहीत तर विषय बदलावा लागेल, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. विषय बदलणं म्हणजे चार वर्षं पाण्यात. पुन्हा शून्यापासून सुरुवात करायचं बळ माझ्यात नव्हतं, ते मला माहीत होतं.

अशात एके दिवशी मामा भांडी पुसता पुसता म्हणाले, "म्याडम, एक सांगू का? राग येईल तुम्हाला."

"सांगा की."

"तुमची पट्टी आवसेला चांगली येते."

मला वाटलं, ते थट्टा करतायत. पण त्यांनी दाराआड टांगलेलं कॅलेंडर दाखवलं. मी ज्या दिवशी चहा मागवला, त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने बारीकशी खूण केली होती. दोन खुणा, आणि दोन्ही अमावस्येवर. मी इतकी भडकले की विचारू नका. तुम्ही प्रयोगशाळेत काम करता, तुम्हाला लाज वाटली पाहिजे, दोन गोष्टी जुळल्या म्हणजे कारण सापडलं असं नसतं, असं एक अख्खं भाषणच मी त्यांना ऐकवलं. शाळांत द्यायची तेच. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "कारण मला नाय माहीत म्याडम. मी नुसतं बघितलं ते सांगितलं."

आता सांगते तेव्हा वाटतं, त्या खोलीत त्या दिवशी शास्त्रज्ञ कोण होतं?

पुढची अमावस्या आली. मी ठरवून प्रयोग केला, मामांना खोटं ठरवायला. पट्टी आरशासारखी निघाली. मी घाबरले. मला चहा मागवावासा वाटेना, पण मामा दारात उभे होते आणि त्यांनी पट्टी पाहिली होती. मी वही उघडली, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्या दिवशीची तारीख दोन दिवस पुढची लिहिली. मग मागची पानं काढून आधीच्या दोन्ही चांगल्या पट्ट्यांच्या तारखाही खोडून एक-दोन दिवसांनी सरकवल्या. आकडे सगळे खरे ठेवले, फक्त तारखा बदलल्या. वडिलांची मुलगी अमावस्या गाठून पट्ट्या करते, असं उद्या कुणी म्हणालं तर? मला तेवढीच भीती होती. विद्यार्थ्यांनी वहीत खाडाखोड केली तर मी त्यांना वर्गाबाहेर काढायची.

सर नाशिकला आले ते पावसाळ्याच्या शेवटी. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, स्वतः पेन्सिलीवर गुंडाळल्या, खूश झाले. मग सहज, कोपऱ्यात उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "काय मामा, तुम्ही रोज बघता. का बिघडतात इतर पट्ट्या?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर ते गप्प बसले असते. पण मी दुसरीकडे बघत होते. ते म्हणाले, "साहेब, आवसेला चांगल्या येतात. तारखा बघा की."

सरांनी वही उघडली. एक पान, दुसरं पान. खिशातल्या डायरीत पाहिलं. "पण मामा, या तारखांना कुठे अमावस्या होती?"

मामा पुढे झाले. वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "सर, तुम्ही लक्ष देऊ नका. मामांना काहीही वाटत असतं. मनाचं सांगतात."

सर हसले आणि विषय निघून गेला. मामा भांडी घेऊन बाहेर गेले.

मी तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण खाई त्याला खवखवे. संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा स्वतःच रंगवून सांगितला. आमचे मामा पंचांगावर फिजिक्स करतात, असं मी म्हणाले. सगळे पोट धरून हसले. दोन दिवसांत हे मुलांपर्यंत गेलं, आणि मुलं जाता-येता त्यांना "काय मामा, आज आवस हाय का?" म्हणून विचारायला लागली. मग मी प्राचार्यांकडे जाऊन मामांना दुसरीकडे द्या म्हणून सांगितलं. कारण दिलं, त्यांची नजर कमी झाली आहे. त्यांना सायकल स्टँडवर बसवलं. जाताना ते आपलं कॅलेंडर काढून घेऊन गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

दसरा होऊन गेला. रोज पट्टी करडी निघत होती, आणि आता भांडी मलाच धुवावी लागत होती, ती मामांसारखी निघत नव्हती. अशा एका दुपारी पट्टी भांड्यातून काढली आणि ती चकचकीत. मी दचकून तिथी आठवली. पौर्णिमेला दोन दिवस होते. अमावस्येचा काही संबंधच नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी हसत सुटले, आणि हसणं थांबलं तेव्हा लक्षात आलं की खोलीत कसलाही आवाज नाही.

डार्करूमच्या मागे कंपाउंडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे लोखंडी दरवाजे, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारं वर्कशॉप. दिवसभर तिथे वेल्डिंग चालायचं, ग्राइंडर किंचाळायचा. वर्षानुवर्षं ऐकून तो आवाज आम्हाला ऐकूच येईनासा झाला होता. मी वळसा घालून तिकडे गेले. शटर बंद होतं. शेजारच्या टपरीवर मिस्त्री बसले होते. म्हणाले, मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं, साखरपुडा हाय, म्हणून आज सुट्टी.

"एरवी कधी सुट्टी असते?" मी विचारलं.

"रविवारी. आन् आवसेला. आवसेला आम्ही मशीन चालवत नाय. धुवायचं, पुसायचं, नारळ फोडायचा. मशीनला बी इसावा लागतो ना म्याडम."

रविवारी कॉलेजला कुलूप असायचं. म्हणजे कॉलेज चालू आणि वर्कशॉप बंद असा महिन्यातला एकच दिवस. मी तिथेच टपरीच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी प्लगला मीटर लावून पाहिलं. भिंतीपलीकडे वेल्डिंगची ठिणगी पडली की इकडे व्होल्टेज खाली कोसळायचं, माझं सर्किट चुकायचं, आणि तांब्याच्या थरात कोबाल्ट, कोबाल्टच्या थरात तांबं मिसळून बसायचं. इतकं साधं होतं. मी त्याच मिस्त्रींकडून ट्रकची एक बॅटरी आणली आणि मेन्सची वायर काढून सर्किट बॅटरीवर चालवलं. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी एक, भिंतीपलीकडे ग्राइंडर किंचाळत असताना. सगळ्या आरशासारख्या. सर म्हणाले, "लिहायला घे."

मी लिहायला घेतलं. बॅटरीवरच्याच पट्ट्या प्रबंधात घातल्या, जुन्या तिन्ही सोडून दिल्या. त्यामुळे जुन्या तारखांबद्दल कुणी विचारायचा प्रश्नच उरला नाही. मी स्वतःला सांगितलं की शास्त्राच्या दृष्टीने आता काही खोटं राहिलेलं नाही. ते खरंही होतं. मामा सायकल स्टँडवर बसत होते. मी रोज त्यांच्यासमोरून जायची, ते उठून उभे राहायचे. वर्कशॉपचं मी त्यांना सांगणार होते. उद्या सांगू, निवांत सांगू, असं करत वर्ष गेलं आणि ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मला तास होता. खरं तर तास नव्हता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक खूश होते. एकाने पट्टी बोटाला गुंडाळून चुंबक फिरवला आणि मीटर हललेला बघून लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा फिरवत बसला. सगळे पांगल्यावर सरांनी पेढा दिला, तो मी तसाच हातात धरून बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. तारखा, वही, वर्कशॉप, सगळं. त्यांनी पेढ्यांचा पुडा बंद करून बाजूला ठेवला.

मग म्हणाले, "त्या दिवशी मी निघालो ना, तेव्हा मामा गेटपर्यंत माझ्यामागे आले होते. म्हणाले, साहेब, तारखा माझ्याच चुकल्या असतील. मी काय, अडाणी माणूस. म्याडमनं लिहिलेलं धरा." सरांनी चष्मा काढला. "मी ते खरं मानलं. मला वाटलं, माणूस सरळ आहे, चूक कबूल करतो."

म्हणजे मी प्राचार्यांकडे त्यांची तक्रार केली, त्याच्या आधीच ते मला वाचवून आले होते.

त्याच आठवड्यात मी एसटीने हरसूलला गेले. बाजाराचा दिवस होता. त्या बोळीतून रेटारेटी करत पलीकडे गेले आणि विचारत विचारत घर गाठलं. मामा अंगणात नागली, म्हणजे नाचणी, वाळत घालत होते. अंगाने वाळले होते, पण तसेच ताठ. मला बघून त्यांना आनंद झाला, खराखुरा. बायकोला हाक मारून म्हणाले, "आमच्या म्याडम आल्या. डॉक्टर झाल्या असतील आता." मामींनी कोरा चहा आणला. शेजारची दोन माणसंही येऊन बसली. मी सगळ्यांसमोर सांगितलं. मामा खरं बोलत होते, खोटं मी लिहिलं होतं. कारण काय निघालं तेही सांगितलं. वर्कशॉपचं ऐकून मामा खुदकन हसले. "तरी मला वाटत व्हतंच, त्या दिवशी कान मोकळे वाटायचे." मग मी त्यांची माफी मागितली. मला रडू आलं. मामी घाबरून पदराने माझे डोळे पुसायला लागल्या.

मामांनी पेल्यातला चहा संपवला. म्हणाले, "म्याडम, तुम्ही एवढ्या लांब आल्या, लय बरं वाटलं. पण हे इथं सांगून काय उपेग? इथं मला कोण खोटं म्हणतंय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. परत निघताना त्यांनी मला नागलीचं पीठ बांधून दिलं आणि गाडी सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहिले.

सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूम भरलेली असताना मी उभी राहिले. टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं, आणि सांगून टाकलं की मामांनी अमावस्येबद्दल जे सांगितलं होतं ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि वहीतल्या तारखा मी बदलल्या होत्या. त्या दिवशी पोट धरून हसलेल्यांतले बरेच जण एव्हाना बदली होऊन, निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्या खुर्च्यांवर नवी, तरुण मुलंमुली बसली होती. ती एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी खिडकीजवळच्या एकीने, अगदी अदबीने, विचारलं, "सॉरी मॅडम, पण कोण मामा?"